ओल्या रॉडची गोष्ट

रेडिओचं खरं नाव विचारलं तर त्याच्या सासूलाही क्षणभर थांबावं लागे. सगळे त्याला रेडिओच म्हणत. फरक एवढाच, की या रेडिओला बंद करायची खुंटी नव्हती. स्वयंपाकघरातल्या सामानाच्या एका दुकानात तो अकरा वर्षं विक्रीच्या कामाला होता. एकदा एक सडाफटिंग गृहस्थ तिथे चमचा घ्यायला आला आणि चार बर्नरची शेगडी घेऊन बाहेर पडला. घरी गेल्यावर त्याला उमजेना, एवढ्या शेगडीचं करायचं काय. शेवटी बिचाऱ्यानं लग्न केलं. दोन मुलं झाली, चारही बर्नरना काम लागलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

असा हा माणूस चार महिने घरी बसून होता. दुकान बंद पडलं, मालक मुलाकडे राहायला निघून गेला, आणि रेडिओ ऐकायला एकटी बायको उरली.

"दुसरं स्टेशन लागतं का बघा जरा," ती म्हणायची आणि शिलाई मशीनचं पायडल जोरात मारायची.

रेडिओचे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, अगदी दुसऱ्या टोकाचे. सव्वीस वर्षं वेल्डिंग केलेला माणूस, सगळा गोतावळा त्यांना मिस्त्री म्हणे. बोलणं इतकं कमी, की लग्नाला होकार द्यायलाही त्यांनी नुसती मान हलवली होती. ती खरंच हलली की नाही यावर दोन्हीकडच्या मंडळींत तासभर वाद चालला होता म्हणतात. पण हात असा, की त्यांनी जोडलेल्या पाइपवर आंधळ्यानं बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे ते सापडू नये.

या मिस्त्रींना डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की ठिणगीपुढे आणखी दोन वर्षं बसलात, तर तिसऱ्या वर्षी बायकोचा चेहरा आठवून काढावा लागेल. आता काळी काच लावूनही चालणार नव्हतं. काम बदलायलाच हवं होतं, आणि बदलून करणार काय? त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

अशात वेल्डिंगची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात निघाली. विक्री प्रतिनिधी पाहिजे, वेल्डिंगची चांगली माहिती हवी, बोलणं चांगलं हवं. मिस्त्री जाहिरातीचं कात्रण घेऊन रेडिओकडे आले, ते टेबलावर ठेवलं आणि बोटानं पहिली अट दाखवली.

"हे आहे माझ्याकडे." मग बोट खाली सरकवलं. "हे तुझ्याकडे आहे. थोडं मला शिकव."

एका दमात तीन वाक्यं! रेडिओला भरून आलं. "साडूभाऊ, काळजीच सोडा," तो म्हणाला. "मी तुम्हाला असा तयार करतो, की मुलाखत घेणारेच तुमच्याकडून यंत्र विकत घेतील." आणि त्यानं तिथल्या तिथे मिस्त्रींचा अर्ज मोबाइलवर भरून पाठवला. सोळा रकाने होते. मिस्त्री प्रत्येक रकान्याला मान हलवत होते.

ते गेल्यावर रेडिओनं तोच अर्ज पुन्हा उघडला. या वेळी स्वतःच्या नावानं.

बोट घसरलं म्हणावं, तर बोट काही सोळा रकाने भरत भरत घसरत नाही. 'वेल्डिंगचा अनुभव' या रकान्यात त्यानं 'सहा वर्षं' असं लिहिलं. खरं तर मिस्त्री विसरलेला डबा द्यायला तो एकदा त्यांच्या कारखान्यात गेला होता, तेवढाच त्याचा अनुभव. पण मन हा मोठा वकील. फी घेत नाही, आणि अशिलानं गुन्हा केलाय हे ठाऊक असूनच उभा राहतो. दोन अर्ज गेले म्हणून काय बिघडलं? त्यांची निवड झाली तर माझा आपोआप बाद. माझं बोलावणं तरी कुठे येणार आहे?

चौथ्या दिवशी दोघांनाही बोलावणं आलं. पुढचा मंगळवार. रेडिओला अकरा वाजता, मिस्त्रींना साडेअकराला.

मिस्त्रींनी आनंदानं फोन केला. "आलं," ते म्हणाले.

"वा! वा!" रेडिओ म्हणाला, आणि त्यानं घाईघाईनं फोन ठेवला.

रोज संध्याकाळी मिस्त्रींच्या स्वयंपाकघरात तयारी सुरू झाली. टेबलाच्या एका बाजूला मिस्त्री, दुसऱ्या बाजूला साहेब होऊन रेडिओ, आणि ओट्यापाशी पाठमोरी ताई, म्हणजे मिस्त्रींची बायको.

"स्वतःबद्दल काहीतरी सांगा," रेडिओ साहेबी आवाजात म्हणाला.

"वेल्डिंग करतो."

"आणखी?"

मिस्त्रींनी बराच विचार केला. "जेवतो."

ताईच्या हातातलं पातेलं हसण्यानं हललं.

"साडूभाऊ, असं नाही चालायचं! तुमचे गुण सांगायचे. बरं, ते राहू द्या. तुमच्यातला एक दोष सांगा. हा प्रश्न हमखास विचारतात."

मिस्त्री काही बोलायच्या आत ताई वळली. "मी सांगू? एकच सांगायचाय की यादी चालेल? ओला टॉवेल पलंगावर, हाक मारली तर ओ नाही, भाजीत मीठ नसलं तरी तसंच गिळतात आणि मला मी जेवायला बसल्यावर कळतं..."

"तो दोष नाही, ताई, तो सहनशीलपणा," रेडिओ म्हणाला. "बघा, असं फिरवायचं असतं. दोष विचारला, की गुण सांगायचा."

"म्हणजे खोटं?" मिस्त्रींनी विचारलं.

"खोटं नाही हो. विक्री!"

रेडिओला हसू आलं आणि हसतानाच आतून काहीतरी टोचलं.

मिस्त्रींना वाटलं, शिकवणाऱ्यालाही विषयाची माहिती हवी. म्हणून प्रश्नोत्तरं झाली की ते रेडिओला वेल्डिंग समजावून सांगायला बसत. यंत्राच्या दोन वायरी असतात. एक हातातल्या रॉडला, दुसरी जोडायच्या लोखंडाला. दुसरीचा चिमटा रंगावर किंवा गंजावर लावला, तर यंत्र कितीही भारी असो, काम भिकारच होणार. रॉड म्हणजे लोखंडाची कांडी, वर कोरड्या पिठासारखं आवरण. जळताना आवाज एकसारखा यायला हवा, तव्यावर काही शांतपणे परतावं तसा. मध्येच तडतडला, थुंकला, की समजायचं काहीतरी चुकतंय. एरवी दिवसाला दहा शब्द बोलणारा हा माणूस लोखंडावर आला की थांबत नसे. सावकाश, जोड देत गेल्यासारखा बोले. रेडिओ वहीत सगळं उतरवून घेत होता.

"माझ्यासाठी एवढं लिहून काढतोस," एकदा मिस्त्री म्हणाले. "माझा भाऊही करणार नाही."

रेडिओची पेन्सिल मोडली. ताईनं लगबगीनं दुसरी आणून दिली, वर टोकही काढून दिलं. त्या पेन्सिलीनं तो पुढचं लिहीत राहिला, पण अक्षर आपलंच आहे असं त्याला वाटेना.

शनिवारी मिस्त्रींनी ती गोष्ट सांगितली.

रेडिओनं विचारलं होतं, "एखाद्या ग्राहकाचा अनुभव सांगा." मिस्त्री म्हणाले, "एक लोखंडी गेट बनवणारा मालक होता. त्याच्याकडे प्रत्येक जोडाला भोकं पडत. कापलेल्या पावासारखा जोड. रॉड लोखंडाला चिकटून बसे. तो म्हणे यंत्र खराब. एक बदललं, दुसरं बदललं, तिसरं आणलं. मग चौथं कुठलं घेऊ ते विचारायला मला बोलावलं. मी दारातच उभा होतो. आत कुणीतरी काम करत होतं. मी आवाज ऐकला आणि विचारलं, रॉड कुठे ठेवता? म्हणाला, मोरीशेजारच्या फळीवर. मोरीचा नळ गळत होता. रॉड हाताला ओले लागत नव्हते, पण ओल पीत होते. त्याला म्हटलं, यंत्र घेऊ नको. रॉड सुकवायच्या भट्टीत दोन तास ठेव, नळ दुरुस्त कर. झालं."

"मग?"

"मग काय, लागलं काम मार्गी. तिन्ही यंत्रं चांगलीच होती. तेव्हापासून तो हातमोजा घ्यायचा झाला तरी मला विचारून घेतो."

रेडिओनं अकरा वर्षं विक्री केली होती. सोनं आणि पितळ त्याला डोळे मिटूनही कळत होतं, आणि हे बावनकशी होतं. ज्या माणसानं 'नको' म्हटलं, त्याच्याकडून जग आयुष्यभर घेतं. ही एक गोष्ट सांगितली तर मिस्त्रींना दुसरं काही बोलायचीसुद्धा गरज नव्हती. नोकरी त्यांच्या खिशात होती.

"ही तिथे सांगू नका," रेडिओ म्हणाला.

"का?"

"अहो, यंत्र विकायच्या मुलाखतीला जायचं आणि 'यंत्र घेऊ नको म्हणालो' असं सांगायचं? हाकलून देतील. उलट कुणी विचारलं, ग्राहकाला कधी नको म्हणालात का, तर ठणकावून सांगायचं: नाही, कधीच नाही."

मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात शंकेचा लवलेश नव्हता, आणि तेच वाईट होतं. "बरं," ते म्हणाले. सव्वीस वर्षांत वेल्डिंग शिकवणाऱ्या उस्तादांचं सांगणं ऐकलं तसंच हेही ऐकलं. त्याऐवजी रेडिओनं त्यांच्याकडून 'ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय' हे वाक्य सतरा वेळा म्हणून घेतलं. मिस्त्री ते पहिलीतल्या पोरासारखं, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून म्हणत.

घरी जाताना रेडिओच्या वहीत ती गोष्ट होती. ती त्यानं कधी लिहिली ते त्याला आठवत नव्हतं, पण होती. अक्षर सुवाच्य होतं.

रविवारी बायकोनं त्याचा मोबाइल चार्जिंगला लावला आणि तिला बोलावण्याचा निरोप दिसला. तिनं आरडाओरडा केला नाही. शिलाई मशीनवरचं कापड बाजूला ठेवलं.

"अकरा वाजता तुम्ही, साडेअकराला भाऊजी?"

"अगं, ऐक तर. दोघांपैकी एकाला मिळाली तरी घरातच..."

"घरात म्हणजे कुठल्या घरात?"

रेडिओनं मोबाइल उचलून खिशात घातला.

"चार महिने मी तुम्हाला एक शब्द बोलले नाही," ती म्हणाली. हे काही तितकंसं खरं नव्हतं, पण ही वेळ हिशेब काढायची नव्हती. "मिळाली नाही तरी चालेल मला. पण ताईच्या घरी जाऊन, तिच्या हातचा चहा पिऊन... मंगळवारच्या आत भाऊजींना सांगा. तुमच्या तोंडानं. तोंड तर आहे ना तुम्हाला भरपूर?"

सोमवारी तो सांगायलाच गेला. वाटेत त्यानं वाक्यं तयार केली, सुरुवात मऊ, मधे थोडा विनोद, शेवटी माफी. दार ताईनं उघडलं. आत मिस्त्री स्वतः शर्टाला इस्त्री करत होते, आणि बाहीची कडा अशी धारदार काढली होती, की तिनं पत्रा कापला असता. डोळ्यांत औषधाचे थेंब घातलेले, त्यामुळे गालावर पाणी ओघळत होतं.

"तू नसतास तर मी अर्जच केला नसता," ते म्हणाले. ओघळतं पाणी पुसलंही नाही. "उद्या काय होईल ते होवो."

रेडिओ म्हणाला, "शर्ट छान झालाय," आणि परत आला. बायकोनं विचारलं नाही. त्याचं ताट वाढलं आणि आपलं घेऊन दुसऱ्या खोलीत बसली.

मंगळवारी कंपनीच्या दालनात लाल-पिवळी यंत्रं रांगेत मांडली होती, नुकती आंघोळ घातल्यासारखी चकचकीत. काचेच्या भिंतीपलीकडे मुलाखतीची खोली, अलीकडे एक बाक. रेडिओ पावणेअकराला पोचला. बाकावर मिस्त्री आधीच बसले होते. साडेअकराच्या कामाला ते दहालाच जाणार, हे त्याला कळायला हवं होतं.

मिस्त्रींनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की काळी काच लावून बघावा.

"अरे! आलास तू? मला धीर द्यायला?"

रेडिओ शेजारी बसला. काही बोलला नाही. न बोलणंही किती मोठं खोटं असू शकतं, हे त्याला त्या बाकावर समजलं.

"सांगितलंही नाहीस," मिस्त्री म्हणाले. "आणि शर्टसुद्धा नवा घातलास माझ्यासाठी."

तेवढ्यात दाराशी बसलेली मुलगी म्हणाली, "अकराचे उमेदवार, आत या." रेडिओ उभा राहिला. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि त्यांच्या सरळ डोक्यानं सरळ अर्थ लावला.

"माझ्याबद्दल बोलायला चाललास? फार वाढवून सांगू नकोस हं," ते हळूच म्हणाले.

आत दोघं होती. एक वयस्कर साहेब, त्यांच्या हातांवर जुन्या ठिणग्यांचे पांढरे ठिपके. आणि विक्री विभागाच्या प्रमुख बाई, हातात पेन. रेडिओ खुर्चीवर बसला आणि रेडिओ सुरू झाला. तो सुरू झाला की मालकाचं मन कुठेही असो, आवाज आपोआप लागतो. चिमटा कुठे लावायचा ते त्यानं सांगितलं, आवाज कसा ओळखायचा ते सांगितलं, वहीतली पानंच्या पानं ओतली. साहेब मान डोलवत होते. मग बाईंनी विचारलं, "एखादा ग्राहकाचा अनुभव?"

काचेतून मिस्त्रींचं डोकं दिसत होतं. त्यांचे ओठ हलत होते. ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय.

इथे थांबता आलं असतं. पण अकरा वर्षांची सवय, गिऱ्हाईक समोर, आणि माल हातात. रेडिओनं ती गोष्ट सांगितली. 'मी दारात उभा होतो' म्हणून सांगितली. आणि खोटी गोष्ट खरी वाटावी म्हणून माणूस जे करतो, तेही केलं, म्हणजे तिला मीठमसाला लावला.

"मी तो रॉड असा हातात घेतला," तो मुठी वळवत म्हणाला, "आणि पिळला. साहेब, पाणी टपकलं! थेंब थेंब!"

साहेबांची मान डोलायची थांबली. "पिळला?"

"म्हणजे... जवळजवळ."

"आणि मग सुकवले कसे?"

"गच्चीवर उन्हात. दहा मिनिटांत खडखडीत!"

साहेबांनी आपल्या ठिपकेदार हातांकडे पाहिलं. पण बाईंचं पेन भराभरा चाललं होतं. "वेल्डिंग शिकवता येतं," त्या साहेबांना म्हणाल्या. "यंत्र विकायला गेलेला माणूस ग्राहकाला 'घेऊ नका' म्हणतो, हे नाही शिकवता येत." मग रेडिओकडे वळल्या. "बाहेर थांबा. एकच उमेदवार राहिलाय. मग बोलू आपण."

त्यांचं 'बोलू आपण' कसलं होतं, ते विक्रीतल्या माणसाला सांगावं लागत नाही. रेडिओ बाहेर आला. ज्या बातमीसाठी चार महिने कान तरसले होते, ती मिळाली होती, आणि तिचं वजन छातीवर एखाद्या यंत्रासारखं पडलं होतं.

मिस्त्री आत गेले. सात मिनिटांत बाहेर आले. येऊन शेजारी बसले.

"झालं?"

"झालं. तू सांगितलेलं सगळं म्हटलं. कुठे अडलो नाही." मिस्त्रींनी रुमालानं मान पुसली. "त्या बाईंनी विचारलं, ग्राहकाला कधी 'घेऊ नका' म्हणालात का? काय कोण जाणे, अगदी तेच विचारलं. ओल्या रॉडची गोष्ट ओठांवर आली होती बघ. पण तू बजावलं होतंस. गिळली. म्हटलं, नाही, कधीच नाही."

"मग?"

"मग बाईंनी वही मिटली. म्हणजे बरोबर बोललो ना मी?"

रेडिओ त्यांच्याकडे न बघता म्हणाला,

"मी सांगितली."

"काय?"

"ती गोष्ट. आत. माझी म्हणून." मग एकदा फुटलं ते थांबेना. "मी तुम्हाला धीर द्यायला नाही आलो, साडूभाऊ. माझीच मुलाखत होती. मीही अर्ज केला होता. ती गोष्ट चांगली होती म्हणूनच तुम्हाला सांगू नका म्हणालो. त्यांना आवडली. नोकरी मला देणार आहेत."

मिस्त्रींनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

"अर्ज कधी केलास?"

"त्याच दिवशी."

"माझ्या आधी की नंतर?"

"नंतर. तुम्ही गेल्यावर."

"बरं," मिस्त्री म्हणाले. यातली कुठली गोष्ट बरी होती, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. रेडिओ शिवीची वाट पाहत होता. थोबाडीत बसली असती तर त्यानं आभार मानले असते. मिस्त्रींनी विचारलं, "कशी सांगितलीस?"

"कशी म्हणजे?"

"गोष्ट. कशी सांगितलीस?"

"तुम्ही सांगितली तशीच. थोडी... रॉड हातात घेऊन पिळला, पाणी टपकलं, असं म्हणालो. आणि गच्चीवर उन्हात दहा मिनिटं सुकवला."

मिस्त्रींची मान सावकाश वळली. जन्मात ज्या माणसाचा आवाज कुणी चढलेला ऐकला नव्हता, तो माणूस उभा राहिला.

"पिळला? अरे, लोखंडाची कांडी ती! फडकं आहे का? ओल हाताला लागते का कधी? उन्हात? दहा मिनिटांत? त्यानं आतली ओल जाते का?" दाराशी बसलेली मुलगी दचकून बघायला लागली. "माझ्या कामाबद्दल असं बोललास? तिथे, त्या हात भाजलेल्या माणसासमोर?"

"पण साडूभाऊ, मी माझं काम म्हणून..."

"काम माझं आहे!"

आणि नोकरी चोरली तेव्हा 'बरं' म्हणालेले मिस्त्री, कांडी पिळली म्हणताच, दार न ठोठावता आत गेले.

काचेमुळे रेडिओला आवाज येत नव्हता. त्याला फक्त दिसत होतं. बाई उठून उभ्या राहिल्या. साहेबांनी त्यांना हातानं बसवलं. मिस्त्रींचे हात बोलत होते. दार, नळ, फळी, सगळं हवेत उभं राहिलं. एकदा त्यांनी कानामागे हात धरला. साहेब स्वतः उठून कपाटातून रॉडचं पाकीट घेऊन आले आणि दोघं त्यावर डोकी वाकवून उभे राहिले, जुने शेजारी भेटावेत तसे. एकदा मिस्त्रींनी काचेकडे बोट केलं, रेडिओच्या दिशेनं. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली. पाऊण तास झाला. सात मिनिटांच्या माणसाचा पाऊण तास.

मग बाई बाहेर आल्या. "तुम्ही निघालात तरी चालेल," त्या म्हणाल्या. चिडून नाही, नुसतं कळवल्यासारखं.

घरी बायकोनं विचारलं, "सांगितलंत भाऊजींना?"

"हो."

"कधी?"

"नंतर."

"नंतर म्हणजे कशाच्या नंतर?"

त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, मशीनच्या सुईत दोरा ओवला. "निदान सांगितलंत," ती म्हणाली. त्यात माफी नव्हती, पण पायडल हळू चाललं.

नोकरी मिस्त्रींना लागली. महिन्याभरानं रेडिओलाही टाइल्सच्या एका दुकानात काम मिळालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते सासऱ्यांकडच्या जेवणाचं. मिस्त्रींच्या नोकरीचा आनंद म्हणून सासऱ्यांनी दोन्ही लेकी-जावयांना बोलावलं. सासऱ्यांचं आजवर रेडिओबद्दल एकच मत होतं, की धाकटीच्या नशिबी आवाज आला आणि थोरलीच्या नशिबी माणूस. त्या दिवशी ते ताटावरून उठून स्वतः रेडिओला वाढायला आले.

"जावईबापू, चुकलो आम्ही तुमच्याबद्दल. मिस्त्रींनी सगळं सांगितलं."

रेडिओनं हातातला घास ताटात ठेवला.

"रोज संध्याकाळी जाऊन शिकवलंत. मुलाखतीच्या दिवशीही जाऊन बसलात. आणि यांनी आत गोष्ट सांगितली नाही म्हणून परत आत धाडलंत! सख्खा भाऊ करील का असं?"

रेडिओनं मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री जेवत होते. भाजीत मीठ कमी होतं, तरी तसेच जेवत होते.

"मामा, तसं नव्हतं ते," रेडिओ म्हणाला. "खरं म्हणजे..."

"बघा! वर विनयसुद्धा!" सासरे म्हणाले, आणि ताई डोळ्यांना पदर लावून रेडिओला म्हणाली, "भाऊजी, तुमचे उपकार आहेत आमच्यावर." रेडिओच्या बायकोनं नजर ताटातून वर केली नाही. तिनं आणि मिस्त्रींनी, एकमेकांशी शब्दही न बोलता, खरं सांगायचं नाही हे ठरवून टाकलेलं दिसत होतं. त्यातून सुटायची वाट रेडिओला कुणी ठेवली नव्हती.

हात धुताना त्यानं मिस्त्रींना मोरीपाशी गाठलं. "असं का सांगितलंत? मला दोन शिव्या तरी घाला, साडूभाऊ. सगळ्यांसमोर घाला."

"खोटं काय सांगितलं? रोज येत होतास. त्या दिवशीही आलास. तुझ्यामुळेच आत गेलो."

"हे तुम्ही असं फिरवायला कधीपासून लागलात?"

"विक्री," मिस्त्री म्हणाले, आणि टॉवेल त्याच्या हातात देऊन गेले.

जेवणानंतर सगळे बाहेरच्या खोलीत बसले. सासऱ्यांनी मिस्त्रींना विचारलं, "मग, नव्या कामात काय काय बघितलंत?" आणि मिस्त्री बोलायला लागले. महिनाभर गावोगावचे कारखाने हिंडल्यानं त्यांची जीभ थोडी सैल झाली होती.

"परवा एका खाणीवर गेलो होतो. दगड फोडायच्या यंत्राचा जबडा तुटला होता. पाच वेळा जोडला, पाच वेळा तुटला. मालक म्हणाला, सहाव्यांदा तुटला तर मी स्वतः त्यात उडी मारीन. मी जबड्याकडे पाहिलंच नाही. मी त्याच्या मागे गेलो, तर..."

रेडिओ पुढे सरकला होता. त्याच्याही नकळत. कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे, अगदी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायचा तसा.

मिस्त्रींची नजर त्याच्यावर गेली.

"तर काय?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "नेहमीचंच. झालं दुरुस्त."

"अहो, पण मागे होतं काय?"

"काही नाही हो."

खोलीत कुणाला काही कळलं नाही. ताई म्हणाली, "यांचं हे असंच, रंगात आले की थांबतात." सगळे हसले. मिस्त्रीही हसले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. जिचा एकदा शॉक बसला, त्या वायरीला माणूस पुन्हा हात लावत नाही, तसं ते होतं.

रेडिओ उठला. "पाणी पिऊन येतो," म्हणाला आणि आत स्वयंपाकघरात गेला. दार ओढून घेतलं. थोडा वेळ गेला. मग पलीकडून मिस्त्रींचा आवाज पुन्हा सुरू झाला, सावकाश, जोड देत गेल्यासारखा. लाकडी दार पातळ होतं. "...मागे गेलो, तर तिथे..."

रेडिओनं मोरीचा नळ पूर्ण सोडला. पाणी स्टीलच्या भांड्यांवर धडाधडा आदळू लागलं. बाहेरचे सगळे एकदम मोठ्यानं हसले तेवढं त्याला ऐकू आलं, कशाला ते कळलं नाही. भांडी स्वच्छ होती, तरी त्यानं एकेक घासायला घेतलं.